क्षमा झाली, मग देणे कसे उरले?

पन्नाशीच्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ऐन तारुण्यापासून ते दारूच्या आहारी गेले होते. त्या काळात त्यांनी पत्नीला मारहाण केली, तिच्या गळ्यातले क्रूसाचे पदक असलेले मंगळसूत्र विकून दारू प्यायली आणि वडील वारल्यावर एकुलत्या एका बहिणीला ‘नुसती सही करायची आहे’ असे सांगून तालुक्याला नेले व तिच्याकडून हक्कसोडपत्र करून घेतले. आई आधीच गेलेली होती. सगळी जमीन यांच्या नावावर झाली. सहा वर्षांपूर्वी व्यसनमुक्ती केंद्रात असताना ते प्रभूला शरण गेले. तेव्हापासून त्यांनी दारूला स्पर्श केलेला नाही आणि एकही रविवारची उपासना चुकवलेली नाही. तरीही रात्री जुन्या गोष्टी डोळ्यांपुढे उभ्या राहतात आणि आपल्याला खरोखरच क्षमा झाली आहे का, हा प्रश्न त्यांना झोपू देत नाही. पत्नी म्हणते, ‘देवानं क्षमा केली असेल, माझ्याच्यानं होत नाही.’ मागच्या नाताळला त्यांनी नवे मंगळसूत्र करून आणले, ते तिने कपाटात ठेवून दिले. चर्चच्या मंडळीतील वडीलधारी माणसे तिलाच समजावत आहेत की, ख्रिस्ती स्त्रीने क्षमा केलीच पाहिजे. शिवाय येत्या जागृती सभेत त्यांनी साक्ष द्यावी, म्हणजे आपला पालट कसा झाला ते सर्वांसमोर सांगावे, असा आग्रह होत आहे. बहिणीच्या जमिनीबद्दल मात्र त्यांनी एकच ओळ लिहिली आहे: ते सगळे ख्रिस्तात येण्यापूर्वीचे आहे, ते आता उकरून काढावे का?

मी पाळक आहे आणि माझ्या सेवेचा बराच काळ व्यसनी माणसांच्या कुटुंबांत व तुरुंगातील बंदिवानांमध्ये गेला आहे. त्या अनुभवावरून सांगतो की, या पत्रात सर्वांत महत्त्वाची ओळ ती शेवटचीच आहे. तिच्याकडे मी येणारच आहे. पण तिच्या आधी जे सांगायला हवे ते आधी सांगतो, कारण हा क्रम उलटा झाला तर पुढचे सगळेच बिघडते.

तुम्हाला क्षमा झाली आहे. हे मी तुमचे सांत्वन करण्यासाठी म्हणत नाही. मंडळीने पहिल्या शतकापासून जो विश्वास धरला आहे तोच तुम्हाला सांगतो आहे. ख्रिस्त येशू पापी लोकांना तारायला जगात आला आणि त्या पाप्यांमध्ये मी पहिला, असे पौलाने तीमथ्याला लिहिले. लिहिणारा हा माणूस येशूचा अनुयायी स्तेफन याला दगडमार होत असताना मारेकऱ्यांची वस्त्रे राखत उभा होता आणि नंतर घराघरांत शिरून स्त्री-पुरुषांना ओढून तुरुंगात टाकत होता. वधस्तंभावरच्या चोराला तर काहीच करून दाखवायला वेळ नव्हता. ना बाप्तिस्मा, ना उपासना, ना चोरलेल्या मालाची परतफेड. त्याच्याजवळ फक्त ‘माझी आठवण कर’ एवढी विनंती होती आणि तेवढ्यावर त्याला त्याच दिवसाचे वचन मिळाले. देवाची दया आपल्या सुधारणेची वाट पाहत थांबत नाही. सुधारणा तिच्या मागून येते. तुमची सहा वर्षांची निर्व्यसनी वागणूक ही क्षमेची किंमत नव्हे. उद्या तुमचा पाय घसरला, आणि व्यसनाच्या आजारात तो घसरू शकतो, तरी ज्याच्याकडे परत यायचे तो बदललेला नसेल.

क्षमा झाल्याचे आपल्याला जाणवते की नाही, यावर ती अवलंबून नसते. हे समजायला अवघड जाते, कारण आपल्या जागृती सभांमधून क्षमेचे जे वर्णन ऐकू येते ते बहुधा भावनेचे असते: ओझे उतरले, डोळ्यांतून धारा लागल्या, अंग हलके झाले. असे होते, मी पाहिले आहे. पण ज्यांना असे झाले त्यांच्यापैकी कित्येकांना सहा महिन्यांनी पुन्हा रात्री जाग येऊ लागते आणि मग त्यांना वाटते की, तो अनुभवच खोटा होता. ऑगस्टीनचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. मिलानमधील बागेत त्याच्या मनाचा निर्णय झाला तो 386 साली आणि बाप्तिस्मा झाला तो 387 च्या पुनरुत्थानदिनाच्या (ईस्टरच्या) आदल्या रात्री. त्यानंतर दहाएक वर्षांनी, बिशप झालेला असताना, त्याने आपल्या आयुष्याचा कबुलीजबाब लिहिला आणि त्यात स्पष्ट सांगितले की, जुन्या सवयींची चित्रे अजून स्वप्नांत येतात व जागेपणी नसलेले बळ तेथे दाखवतात. चौथ्या शतकातल्या बिशपाला ते लिहायला संकोच वाटला नाही. तुम्हालाही वाटू नये.

रात्रीच्या त्या विचारांबद्दल मात्र थोडे थांबून बोलायला हवे. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सातव्या अध्यायात दोन प्रकारचे दुःख सांगितले आहे. एक देवाला अनुसरून असलेले, जे पश्चात्तापाकडे नेते. दुसरे जगाचे, जे मरणाकडे नेते. या दोन दुःखांची माणसे शुभवर्तमानात शेजारी शेजारी उभी आहेत. यहूदाने आपण निर्दोष माणसाला धरून दिले हे कबूल केले, चांदीची तीस नाणीही परत नेऊन दिली. म्हणजे कबुली होती आणि परतफेडही होती. पण तो गेला मुख्य याजकांकडे, ज्यांच्यापाशी द्यायला दया नव्हतीच. त्यांनी तुझे तू पाहून घे म्हणून हात झटकले आणि तो एकटाच बाहेर निघून गेला. पेत्राने तीन वेळा प्रभूला नाकारले, तोही बाहेर जाऊन रडला; पण तो भावांच्या सोबतीत राहिला आणि तिबिर्य समुद्राच्या काठी कोळशाच्या विस्तवापाशी प्रभूने त्याला गाठले. याच पेत्राने प्रमुख याजकाच्या अंगणात कोळशाच्या विस्तवापाशी शेकत उभे राहून नाकार दिला होता. प्रभूने तीन नकारांची आठवण पुसून टाकली नाही. त्याच आठवणीपाशी त्याला नेऊन तीन वेळा ‘माझ्यावर प्रीती करतोस काय’ असे विचारले आणि तिन्ही वेळा त्याच्या हाती काम सोपवले.

म्हणून माझे सांगणे हे की, रात्र एकट्याने काढू नका. तुमच्या पाळकांपैकी किंवा व्यसनमुक्तीच्या गटातील जुन्या सहकाऱ्यांपैकी एका विश्वासू माणसाला सगळे सांगा. गोलगोल सांगू नका, घडले तसे सांगा. वसईकडचे किंवा गोव्याकडचे आपले कॅथॉलिक बांधव यासाठी धर्मगुरूंसमोर प्रायश्चित्त संस्कार घेतात. आपण प्रॉटेस्टंटांनी तो संस्कार मानला नाही, पण त्याबरोबर दुसऱ्या माणसापुढे पाप मोठ्याने उच्चारण्याची सवयही गमावली, याची मला खंत वाटते. याकोबाच्या पत्रात तर एकमेकांपुढे पापे कबूल करा असे सरळ लिहिले आहे. दुसरी गोष्ट, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. दीर्घकाळ मद्यपान केलेल्या माणसाला दारू सुटल्यानंतरही झोपेचे आणि नैराश्याचे त्रास होऊ शकतात. त्यावर उपचार आहेत आणि ते घेणे हा विश्वासाचा कमीपणा नाही. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येत असेल तर हे वाचून झाल्यावर थांबूच नका, आजच कोणाला तरी सांगा.

इतके झाल्यावरही काही अस्वस्थता उरेल आणि ती उरावी असे मला वाटते. झालेल्या क्षमेवरचा संशय हा एक भाग झाला. पण तुमच्या अस्वस्थतेचा दुसरा भाग, माझ्या समजुतीप्रमाणे, सैतानाचा आरोप नसून तुमच्या बहिणीचा हक्क आहे. देवाने तुमचा अपराध तुमच्या नावावर ठेवलेला नाही. जमीन मात्र अजून तुमच्याच नावावर आहे.

येथे ‘ख्रिस्तापूर्वीचे’ हा शब्द मंडळीत फार सैलपणे वापरला जातो. जुने ते होऊन गेले, पाहा, ते नवे झाले आहे, या पौलाच्या वचनाचा आधार त्यासाठी घेतात. पण नवे झालेले माणूस आहे, सातबारा नव्हे. दावीद राजाचा वृत्तांत पाहा. आपला सैनिक उरीया याची बायको बथशेबा हिला आणवून घेतल्यावर आणि उरीयाला लढाईच्या तोंडी देऊन मारवल्यावर नाथान संदेष्टा त्याच्याकडे आला. दाविदाने पाप कबूल केले आणि त्याच श्वासात नाथानाने सांगितले की, परमेश्वराने तुझे पाप दूर केले आहे, तू मरणार नाहीस. क्षमेला क्षणाचाही विलंब झाला नाही. पण त्याआधी नाथानाने जे सांगितले होते त्याचे काय? तलवार तुझ्या घराला सोडणार नाही, हा शब्द मागे घेतला गेला नाही, आणि पुढचे अध्याय त्या घराच्या वाताहतीनेच भरले आहेत. दाविदाच्या याच कबुलीचे मानले जाणारे एक्कावन्नावे स्तोत्र, जे आपण भस्म बुधवारी गुडघे टेकून म्हणतो, त्यात ‘तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केले आहे’ असे शब्द आहेत. या शब्दांचा आधार घेऊन काही जण समजतात की, पाप हा देव आणि मी यांच्यातलाच व्यवहार, तिसऱ्याचा संबंध नाही. तसे असते तर पवित्र शास्त्राने उरीयाचे नाव केव्हाच गाळले असते. क्षमा झाल्यानंतरच्या वाक्यातसुद्धा बथशेबेचा उल्लेख ‘उरीयाची बायको’ असाच आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, मत्तयाने प्रभू येशूची वंशावळ लिहिली तेव्हा शलमोनाच्या आईचे नाव न लिहिता ‘उरीयाच्या बायकोपासून’ असेच लिहिले. क्षमा झालेल्या राजाच्या वंशावळीत, तारणाऱ्याच्या जन्मकथेच्या पहिल्याच पानावर, मारल्या गेलेल्या माणसाचे नाव कायमचे नोंदलेले आहे. आपल्यावर दोष ठेवण्यासाठी देव आपल्या पापांची आठवण ठेवत नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला तो विसरत नाही.

परतफेडीबाबत पवित्र शास्त्र संदिग्ध नाही. गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात सांगितले आहे की, ज्याने अपराध केला त्याने पाप कबूल करावे, घेतलेले सगळे परत करावे आणि त्यात पाचवा हिस्सा घालून ते ज्याचे आहे त्याला द्यावे. लेवीयमध्येही हाच नियम आहे आणि तेथे तो दोषार्पणाशी, म्हणजे अपराधाबद्दल वाहायच्या अर्पणाशी, जोडलेला आहे. जक्कय या श्रीमंत जकातदाराने तर लुबाडलेल्याच्या चौपट देऊ केले. आपल्याकडे या गोष्टीवर प्रवचने पुष्कळ होतात, पण त्यातल्या क्रमाकडे फारसे लक्ष दिले जात नाही. प्रभूला पाहायला जक्कय ज्या झाडावर चढला होता त्याखाली थांबून प्रभूने ‘आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे’ असे म्हटले तेव्हा जक्कयाने एक नाणेही परत केलेले नव्हते. लोक कुरकुरले ते याचमुळे. दया आधी घरात आली आणि मग त्या घरातले हिशेब उघडले गेले. दयेपूर्वी हिशेब मागितला असता तर कदाचित त्याने लपवला असता. आपला स्वीकार झाला आहे हे कळल्यावर लपवण्याचे कारणच उरले नाही. तुमची आजची स्थिती नेमकी हीच आहे. ज्याला क्षमेची खात्री नाही त्याला जुनी कागदपत्रे उघडण्याची भीती वाटते. तुम्हाला ती वाटण्याचे कारण नाही.

आता व्यवहाराचे बोलतो. आपल्याला भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 लागू आहे. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता वारला आणि त्याची विधवा हयात असेल तर एकतृतीयांश तिचा व उरलेले मुलांचे. विधवा नसेल तर सगळे मुलांचे. आणि मुलगा व मुलगी यांच्या वाट्यात फरक नाही. तुम्ही दोघेच भावंडे होता आणि आई आधी गेली होती, म्हणजे मृत्युपत्र नसल्यास निम्मी जमीन बहिणीची होती. तिने माया म्हणून हक्क सोडला नव्हता, तिला फसवून तो सोडवून घेतला गेला. तुमचा नोंदणीकृत दस्त झालेला असल्याने नुसते तोंडी ‘तुझे तुला घे’ म्हणून भागणार नाही. वकिलाच्या सल्ल्याने तिच्या नावे नवा दस्त करावा लागेल, बहुधा बक्षीसपत्र. तो दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात नोंदवून मग तलाठ्याकडे फेरफार करून घ्यावा लागेल. तुमच्या कबुलीचे कायदेशीर परिणाम काय होऊ शकतात तेही वकिलाला मोकळेपणाने विचारा, पण त्या उत्तराची ढाल करू नका. इतकी वर्षे त्या निम्म्या जमिनीचे पीक तुम्ही खाल्ले आहे. त्याचा अंदाजे आकडा काढा आणि पाचव्या हिश्शाचा नियम लक्षात ठेवा. एकदम देणे जमणार नसेल तर हप्ते ठरवा आणि ते लिहून द्या. आधी मात्र बहिणीकडे जा. कागद घेऊन जाऊ नका. काय केले ते तिच्या तोंडावर सांगायला जा. ‘दारूच्या भरात झाले’ हे वाक्य उच्चारू नका, कारण तालुक्याला जाऊन दस्त नोंदवताना माणूस भरात नसतो.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बारा पायऱ्यांपैकी आठवी आणि नववी या कामाच्याच आहेत: ज्यांचे नुकसान केले त्यांची यादी करणे, आणि जेथे शक्य असेल तेथे प्रत्यक्ष भरपाई करणे, मात्र तसे केल्याने त्यांची किंवा इतरांची हानी होणार असेल तर नाही. हा अपवाद महत्त्वाचा आहे, पण तो समोरच्याच्या हानीसाठी आहे. आपल्या अब्रूच्या हानीसाठी नाही. माझ्या ओळखीच्या एका ट्रकचालकाने अशी यादी शंभर पानी वहीत केली होती. डाव्या बाजूला नाव, मध्ये काय केले आणि उजव्या बाजूला काय परत करता येईल. काही नावांपुढची उजवी बाजू कोरी होती, कारण ती माणसे वारली होती. सर्वांत वर त्याने आपल्या मोठ्या मुलीचे नाव लिहिले होते आणि पुढे लिहिले होते, ‘दहावीची फी’. ती मुलगी तेव्हा दोन मुलांची आई होती. तो तिच्या घरी गेला, फी कधी आणि कशी प्यायलो ते त्याने तिला सांगितले आणि तिच्या मुलीच्या शिक्षणासाठी टपाल खात्यात दरमहा रक्कम भरायला सुरुवात केली. मुलीने त्याला चहा दिला. क्षमा केली, असे ती म्हणाली नाही. तो दर महिन्याला भरत राहिला.

ख्रिस्ती इतिहासात रूपांतराचे जे उदाहरण सर्वांत जास्त सांगितले जाते, तेही येथे नीट पाहायला हवे. जॉन न्यूटन हा इंग्रज खलाशी आफ्रिकेतून गुलाम नेण्याच्या धंद्यात होता. मार्च 1748 मध्ये ‘ग्रेहाउंड’ नावाचे जहाज वादळात सापडले तेव्हा त्याने देवाचा धावा केला, आणि पुढे 1773 च्या नववर्षदिनी ओल्नी गावच्या उपासनेसाठी त्याने कृपेवर रचलेले गीत आज जगभर गायले जाते. साक्षींमध्ये ही गोष्ट अशी सांगितली जाते की, वादळ झाले, मन बदलले आणि त्याने धंदा सोडला. तसे झाले नाही. वादळानंतरच तो गुलामवाहू जहाजांचा कप्तान झाला. 1750 ते 1754 या काळात त्याने कप्तान म्हणून तीन सफरी केल्या. रविवारी तो खलाशांसाठी उपासना चालवत असे आणि त्याच जहाजाच्या पोटात माणसे साखळदंडांत होती. 1754 मध्ये समुद्र सुटला तो आजारपणामुळे. 1764 मध्ये त्याला धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली, आणि त्या व्यापाराविरुद्ध जाहीरपणे लिहायला त्याला 1788 साल उजाडावे लागले. वादळापासून मोजले तर 40 वर्षे. त्या लिखाणात त्याने कबूल केले की, आपली ही कबुली फार उशिरा येत आहे आणि ज्या धंद्याच्या आठवणीने आज काळीज थरथरते त्यात आपण एकेकाळी हिरिरीने भाग घेतला, ही गोष्ट आपल्याला सदैव नम्र करत राहील. पुढे त्याने संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली. 1807 च्या मार्चमध्ये ब्रिटिश संसदेने गुलामांचा व्यापार बंद करणारा कायदा केला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात न्यूटन वारला.

न्यूटनला 1748 मध्ये दया मिळाली नव्हती, असे मी म्हणणार नाही. मिळाली होती असेच मी मानतो. पण दया मिळालेल्या माणसाचे डोळेही हळूहळूच उघडतात, आणि ते पूर्ण उघडेपर्यंत त्याची किंमत दुसरे कोणी मोजत असते. ज्यांना त्याने त्या तीन सफरींत नेले, त्यांच्यापर्यंत त्याची 1788 ची कबुली कधीच पोहोचली नाही. तुमची बहीण जिवंत आहे, तिचे घर तुम्हाला माहीत आहे.

आता पत्नीविषयी. मंडळीतील जे वडीलधारे तिला क्षमेचा उपदेश करत आहेत, त्यांनी तो आजपासून थांबवावा, असे मी कळकळीने सांगतो. त्यासाठी ते बहुधा मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील निर्दय चाकराचा दाखला वाचून दाखवत असतील. तो दाखला पुन्हा वाचा. त्या चाकराला राजाने दहा हजार तालांतांचे कर्ज सोडले. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार, आणि दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे ते कर्ज जवळपास सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतके होते. एवढे माफ होऊन बाहेर पडल्यावर त्याने शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरला. या गोष्टीतला मोठे कर्ज सुटलेला माणूस तुमच्या घरात कोण आहे? तुम्ही आहात. आणि गळा कोणाचा धरला जात आहे? ज्याने दया मिळवली त्याने ‘आता तूही मला क्षमा कर’ म्हणून तगादा लावणे, आणि तेही जिचे देणे आहे तिच्याकडेच, हे त्या चाकराच्या वागण्यापेक्षाही विपरीत आहे. तिला प्रभूने क्षमेसाठी बोलावले आहे, यात शंका नाही. ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ हे तीही दर रविवारी म्हणते. पण ते बोलावणे प्रभू आणि ती यांच्यातले आहे. तुम्ही त्याचे वसुली कारकून नाही.

शिवाय क्षमा वेगळी, विश्वास वेगळा. प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात, शौलाला, म्हणजेच पौलाला, दर्शन झाल्यानंतर, हनन्या नावाच्या शिष्याला त्याच्याकडे जायला सांगितले तेव्हा हनन्या घाबरला आणि त्याने तसे बोलून दाखवले. प्रभू त्याच्यावर रागावला नाही, त्याला कारण समजावून सांगितले. पुढे शौल यरुशलेमेला आला तेव्हा तेथले शिष्य त्याला भीत होते. हा खरोखर शिष्य झाला आहे, असे त्यांना वाटेना. गलतीकरांच्या पत्रातल्या पौलाच्या स्वतःच्या हिशेबाप्रमाणे त्याच्या पालटानंतर तोवर तीन वर्षे गेली होती. शास्त्र त्या शिष्यांना अविश्वासाचा दोष देत नाही. त्यांनी स्तेफनाला पुरले होते. त्यांच्यातल्याच बर्णबाने पुढे होऊन शौलाचा हात धरला आणि त्यांच्याकडे नेले. पौलाने स्वतः दारावर उभे राहून ‘माझा पालट झाला आहे, उघडा’ असा हट्ट केल्याचे कोठे लिहिलेले नाही. तुमच्या पत्नीने वीस वर्षे रात्री पावलांचा आवाज ऐकून आपण आज कोणत्या खोलीत झोपायचे ते ठरवले आहे. तिच्या अंगाला हे शिकायला जितका काळ लागला, त्याहून कमी काळात ते विसरले जाईल अशी अपेक्षा करू नका. पुन्हा कधी हात उगारला गेला तर तिने कायद्याकडे जावे, 2005 चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा त्यासाठीच आहे, आणि तसे करणे हे क्षमेच्या विरुद्ध नाही, हे तुम्ही स्वतः तिला सांगावे. ते मंगळसूत्र कपाटात आहे तेथे राहू द्या. त्याविषयी विचारू नका, सणाला आठवण करून देऊ नका. विकलेली वस्तू तुम्ही परत आणून दिलीत, तुमचे काम तेथे संपले. ती घालायची की नाही, हा तिचा अधिकार आहे.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट बोलतो, कारण ती अशा पत्रांत क्वचितच असते. दारुड्याच्या बायकोला बहुधा वाटत असते की, लाज तिची आहे. तिच्यावर झालेल्या अन्यायाला ती स्वतःचाच काही दोष समजत असते. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशनमध्ये, ज्यांना समाज ‘पतित’ म्हणत असे अशा स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ उभे केले. तेथे आलेल्या कित्येकींनी पाप करण्यापेक्षा पाप सोसले जास्त होते. रमाबाईंनी त्यांना दार उघडले, काम शिकवले आणि उपासनेत सोबत बसवले. पश्चात्तापाची गरज कोणाला आहे आणि नुसत्या आसऱ्याची कोणाला, हे ओळखणे पाळकीय कामातला सर्वांत नाजूक भाग आहे. तुमच्या घरात पश्चात्ताप तुमचा आहे. पत्नीला उपदेशाऐवजी ऐकून घेणारे माणूस हवे आहे. मंडळीतल्या एखाद्या समजूतदार स्त्रीने, किंवा व्यसनी माणसांच्या कुटुंबीयांसाठी चालणाऱ्या अल-ॲनॉनसारख्या गटाने ते करावे. तिने जायचे की नाही, हेही तिच्यावर सोडा.

राहिला प्रश्न साक्षीचा. मला साक्षींचा आनंद होतो. उठलेल्या माणसाला पाहून पडलेल्याला बळ येते. पण आपल्या सभांमध्ये साक्षीचा एक साचा झाला आहे: आधीचे पाप जितके भडक, तितकी कृपा मोठी दिसते, म्हणून पापाचे वर्णन लांबत जाते. त्या वर्णनात पत्नी असते, मुले असतात, आणि ती समोरच्या सतरंजीवर बसून ऐकत असतात. मारहाणीचे वर्णन व्यासपीठावरून झाले की टाळ्या तुम्हाला मिळतील आणि दुसऱ्या दिवशी नळावर प्रश्न तिला विचारले जातील. म्हणून तिच्या स्पष्ट संमतीशिवाय तिच्याविषयी एक वाक्यही बोलू नये, आणि संमती मागतानाही ‘नाही’ म्हणणे तिला सोपे जाईल अशा रीतीने मागावी. जमिनीचे देणे शिल्लक असताना व्यासपीठावर उभे राहणे तर मला मुळीच योग्य वाटत नाही. तुमची वेदी सध्या बहिणीच्या ओसरीवर आहे. अर्पण वेदीजवळ ठेवून आधी भावाशी समेट करायला जा, असे प्रभूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितले, त्यात बहीणही आली. सभेच्या संयोजकांना या वर्षी नम्रपणे नकार कळवा. त्यांनी कारण विचारले तर एक दस्त नोंदवायचा राहिला आहे, एवढे खरे उत्तर पुरेसे आहे.